एका नावावरून दुसऱ्या नावाकडे: गाणी, पुस्तकं, सिनेमे तुम्हाला कसे सापडतात?

सातवी_गल्ली

सुचवणाऱ्यांची हल्ली कमी नाही. फोन उघडला की दहा गाणी, पाच सिनेमे, शिवाय ग्रुपवर कुणीतरी टाकलेली वाचायलाच हवी अशी यादी. पण माझ्याजवळ जे खरोखर राहिलं ते त्या वाटेनं आलेलं नाही. एका नावाचा माग काढत दुसऱ्या नावापर्यंत पोचले, तिथून तिसऱ्या, असं ते आलं. कोल्हापुरात राहून हे करणं फार सोपं आहे, कारण इथं गाणं, पुस्तक आणि सिनेमा या तिन्हींत तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात.

माझी साखळी सांगते. 'अयोध्येचा राजा' बघितला. १९३२ चा, प्रभात फिल्म कंपनीचा, मराठीतला पहिला बोलपट. प्रभात पुण्याला गेली ती १९३३ मध्ये, त्यामुळे हा सिनेमा आपल्या कोल्हापुरात झालाय. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गायचे, वादक चौकटीच्या बाहेर बसून साथ करायचे आणि आवाज तिथल्या तिथं मुद्रित व्हायचा. त्यामुळे गाणं मध्येच वेगळं काढून लावल्यासारखं वाटत नाही. बोलता बोलता माणूस गायला लागतो, तेवढंच.

त्यातले हरिश्चंद्र म्हणजे गोविंदराव टेंबे. संगीतही त्यांचंच. हे आपल्या सांगवड्यात जन्मलेले, १९११ च्या 'मानापमान'च्या चाली बांधणारे, हार्मोनियमवर हुकूमत असणारे. त्यांनी लिहिलंय काय हे बघायला करवीर नगर वाचन मंदिरात गेले. १८५० साली सुरू झालेली लायब्ररी, तिथं 'माझा संगीत व्यासंग' मिळालं. ते वाचताना अल्लादियाखाँसाहेब भेटले आणि मी अडकलेच. शाहू महाराजांनी दरबारी गवई म्हणून ठेवलेले खाँसाहेब, ज्यांच्या गायकीवर जयपूर-अत्रौली हे एक अख्खं घराणं उभं राहिलं, आणि त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका नाही! मग शिष्यपरंपरेकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर. एका जुन्या सिनेमातल्या नटामुळे मी जयपूर-अत्रौली गायकी ऐकायला लागले.

तुमच्या साखळ्या सांगा. आणि दुसरं, तुम्ही आवडलेली गोष्ट पुढे कशी देता? मी एका वेळी एकाच माणसाला एकच गोष्ट देते, आणि ती त्यालाच का दिली हे एका वाक्यात सांगते. याद्या देणं मी सोडून दिलंय.

पन्हाळा_वाट

ताई, नाद खुळा धागा. माझं सिनेमावरून पुस्तकाकडं झालं.

'नटरंग' आला तेव्हा मी शाळेत होतो. गाणी तोंडपाठ. पुढं होस्टेलवर रूमपार्टनर म्हणाला, अरे ही आनंद यादवांची कादंबरी आहे, कागलचे होते ते. आमचं गाव काय लांब नाही. पुस्तक मिळवलं आणि वाचलं. सिनेमात गाण्यांनी दम घ्यायला मिळतो, पुस्तकात मिळत नाही. गड्याचं शरीर कमावलेला माणूस नाच्या होतो म्हणजे त्याच्या घरात, गावात, त्याच्या स्वतःच्या डोक्यात काय काय मोडतं ते सगळं पानोपानी समोर येतं.

त्यानंतर 'झोंबी' घेतलं. १९८७ चं, साहित्य अकादमी मिळालेलं. पोराला शाळेला जायचंय आणि बापाला तो रानात पाहिजे, एवढीच झटापट आहे म्हटलं तर. पण आमच्या आजीच्या तोंडची भाषा मी पहिल्यांदा छापलेली बघितली. तोवर मला वाटायचं पुस्तकातलं मराठी वेगळं आणि आमचं वेगळं.

पुढं कसं दिलं ते सांगतो. वडलांना दिलं. दहावीनंतर त्यांनी पेपर सोडून काही वाचलेलं नव्हतं. मी फक्त म्हणालो, "यात कागलच्या मळ्यातली मोट आहे, बघा तुमच्या आठवणीतल्यासारखी आहे का." धारा काढून झाल्या की गोठ्याच्या कट्ट्यावर बसून वाचायचे. खुणेला दूध संघाच्या बिलाची चिठ्ठी. ती चिठ्ठी रोज थोडी पुढं सरकलेली दिसायची. संपल्यावर त्यांनी ते पुस्तक चुलत्यांना दिलं, चुलत्यांनी भाऊबंदकीत कुणाला दिलं, आता कुठं आहे ठाऊक नाही. मी दुसरं विकत आणलंय.

तंबोरा_जुळवून

सातवी_गल्ली, तुम्ही अल्लादियाखाँसाहेबांपर्यंत पोचलात हे वाचून फार बरं वाटलं. थोडी भर घालतो.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. तरुणपणी त्यांचा आवाज बिघडला. पहिल्यासारखा परत आलाच नाही. मग जो आवाज हाती उरला त्याला पेलेल, शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली. लांबलचक ठहरावावर भर देण्याऐवजी लयीच्या अंगानं वळत जाणारी, पेचदार तानेची गायकी. आज आपण जिला जयपूर गायकी म्हणतो तिच्या मुळाशी ही अडचण आहे, आणि त्या अडचणीवर एका माणसानं केलेले कष्ट आहेत. शाहू महाराज १९२२ ला गेले, त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले आणि १९४६ मध्ये तिथंच वारले. पण मधली वर्षं कोल्हापूरची. मंजीखाँ, भूर्जीखाँ ही त्यांची मुलं. मन्सूरांना या दोघांचीही तालीम मिळाली, आधी मंजीखाँची आणि १९३७ ला मंजीखाँ गेल्यावर भूर्जीखाँची.

आता ऐकायचं कसं. जयपूरवाले बहुधा तीनतालातली बडी बंदिश घेतात, आणि लय इतकी विलंबित ठेवत नाहीत की मात्रा सुटून जातील. त्यामुळे हाताच्या बोटांवर ठेका धरता येतो. सोळा मात्रा धरा. गायक आलाप करतोय, तुम्हाला वाटतं तो कुठेतरी लांब निघून गेलाय, आणि बाराव्या-तेराव्या मात्रेला तो मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलतो आणि नेमका समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतो. सुरुवातीला एवढंच ऐका. राग कुठला, वादी कुठला, काही विचारू नका. सम कशी आली तेवढं बघा. हे जमलं की पुढच्या खेपेला लक्ष द्या की आलापसुद्धा मोकळा सोडलेला नाही. प्रत्येक स्वरवाक्य लयीच्या काठाकाठानं चाललंय. हीच या घराण्याची खासियत.

वाटून घेण्याबद्दल म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. गाणं लिंक पाठवून देता येत नाही. माणसाला घरी बोलवावं लागतं. शेजारी बसून ऐकताना तुमचा हात ज्या जागी आपसूक उचलला जातो ती जागा त्याला कळते, आणि एवढ्यानं अर्धं काम होतं. इथल्या गायन समाज देवल क्लबात तर १८८३ पासून लोक हेच करत आलेत. क्लबाच्या रंगमंदिराला नाव टेंब्यांचंच आहे, म्हणजे तुमची साखळी तिथंही जोडली जाते.

हातमाग_नगरी

काका, मी इचलकरंजीची. घरात गाण्याचं काही वातावरण नव्हतं. यंत्रमागाच्या आवाजात वाढलेली. मला राग ओळखता येत नाही आणि मोठी मैफल सुरू झाली की पहिल्या दहा मिनिटांतच आपण इथले नाही असं वाटायला लागतं. कुठून सुरुवात करू? अगदी छोटं काहीतरी सांगा.

तंबोरा_जुळवून

बाळ, छोटंच सांगतो. केसरबाईंच्या जुन्या ७८ च्या तबकड्या ऐक. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. त्यात बाईंनी अख्ख्या रागाचा अर्क काढून ठेवलाय. आधी भैरवी ऐक, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तिच्यात भारतातून हीच एक रचना आहे. कोल्हापूरच्या दरबारी गवयाची शिष्या, आणि तिचा आवाज सूर्यमालेतल्या ग्रहांच्या पलीकडे पोचलाय. बाई गेल्या तेही त्याच वर्षी.

दिवसातून एकदा, आठवडाभर, तेवढीच ऐक. नंतर मन्सूरांचा राग बिहागडा लाव. यंत्रमागाच्या आवाजात वाढलीस म्हणतेस ना, मग लय तुझ्या कानात आधीच बसलेली आहे. तुला जड जाणार नाही.

खरी_कॉर्नर

सिनेमाची बाजू मी घेतो. माझं बालपण खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाच्या आसपास गेलं. रोज शाळेला जाताना तो दिसायचा, पण हा कशाचा ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढं स्वतःच शोधलं.

बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवायचे, आनंदराव पेंटर हे त्यांचे भाऊ आणि जोडीदार. सिनेमा बघून दोघांना वेड लागलं. बाहेरून कॅमेरा आणणं परवडणारं नव्हतं, म्हणून इथंच बनवायचा ठरवला. मध्येच १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दादा मिस्त्रींच्या मदतीनं कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. बायकांच्या भूमिका बायकांनीच केलेला सिनेमा, त्या काळात! पुढं १९२५ चा 'सावकारी पाश', नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा. त्यात तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांतारामांनी केलं. सावकाराकडं गहाण पडलेली जमीन, गाव सोडून गिरणीत जाणारा शेतकरी. देवादिकांच्या गोष्टींवर बहुतेक सिनेमे निघत असताना कोल्हापुरातून हे निघालं. तो मूकपट आज बघायला मिळत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाबूरावांनीच १९३६ मध्ये त्याच नावाचा बोलपट परत केला.

आणि प्रभात काढणारे शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर, हे सगळे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले. १९२९ मध्ये त्यांनी सीताराम कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन कंपनी काढली. म्हणजे सातवी_गल्ली, तुमचा 'अयोध्येचा राजा' सरळ सरळ खरी कॉर्नरवरून येतो.

मी देतो ते सिनेमे आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर. प्रोजेक्टर मित्राचा, पडदा म्हणून पांढरी चादर, खाली सतरंज्या. मागं 'साधी माणसं' लावला होता. १९६५ चा, भालजी पेंढारकरांचा. लोहार नवरा-बायकोची गोष्ट. पोरांना वाटलं काळापांढरा आहे, झोप येणार. भट्टीवरचं गाणं सुरू झालं. भाता ओढल्याचा आणि घणाचा ठोका त्या चालीतच विणलेला आहे. एक सातवीतला पोरगा सतरंजीवर मुठीनं तो ठोका धरून बसला. गाणं संपल्यावर त्यानं विचारलं, "म्युझिक कुणाचं?" मी म्हटलं, आनंदघन. "ते कोण?" म्हटलं, लता मंगेशकर. सगळी गच्ची माझ्याकडं वळली. मोठ्यांतल्या बऱ्याच जणांनाही माहीत नव्हतं.

सातवी_गल्ली

खरी_कॉर्नर, त्या मुलाला पुढचं नक्की सांगा. लताबाईंनी आनंदघन या नावानं 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' आणि 'तांबडी माती' या चार सिनेमांना संगीत दिलं, आणि चारही भालजींचे. त्यांचे वडील दीनानाथ १९४२ मध्ये गेल्यावर नट-दिग्दर्शक मास्टर विनायकांनी या कुटुंबाला हात दिला. त्यांची प्रफुल्ल पिक्चर्स कोल्हापुरातच होती, आणि १९४५ ला कंपनी मुंबईला गेली तेव्हा लताबाईही गेल्या. म्हणजे त्या चालींतलं हे गाव त्यांनी लहानपणी पाहिलेलं आहे. मला त्या गाण्यांत ते ऐकू येतं. भट्टीवरच्या त्या गाण्याचे शब्द जगदीश खेबुडकरांचे, ते तर इथंच राहिले, इथंच शिक्षक होते.

मास्टर विनायकांवरून आणखी एक धागा. त्यांच्या हंस पिक्चर्सचा १९३६ चा 'छाया', त्याची कथा वि. स. खांडेकरांची. खांडेकर १९३८ पासून कोल्हापुरात, आमच्या राजारामपुरीतच. 'ययाति' वाचलेले हजारो लोक असतील, पण खांडेकर सिनेमासाठी लिहायचे हे सांगितलं की त्यांना नवल वाटतं. विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. कुणी पाहुणा आला की मी आधी तिथं नेते, अंबाबाईचं दर्शन दुसऱ्या दिवशी.

पन्हाळा_वाट

एक विचारू का? आत्ताच्या लेखकांची पीडीएफ कुणाकडं आहेत का? कृष्णात खोतांचं 'रिंगाण' आणि किरण गुरवांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'. मित्रांच्या ग्रुपवर टाकायचं म्हणतोय. दोन्ही आपल्याकडचे लेखक आणि दोघांना साहित्य अकादमी मिळालेलं.

जुनी_पानं

भावा, भावना समजली, पण हे करू नकोस. मी पुस्तकांच्या धंद्यात आहे म्हणून सांगत नाही. खोतांच्या पुस्तकात धरणापायी उठवलेला माणूस आणि त्याची म्हैस आहे, ते लिहायला त्यांनी किती काळ घातला असेल. मराठी कथा-कादंबरीची आवृत्ती किती छोटी असते हे तुला माहीत असेल. त्यातल्या शंभर प्रती विकल्या जाणं न जाणं यावर प्रकाशक पुढचं पुस्तक काढणार की नाही हे ठरतं. पीडीएफ फिरायला लागली की त्या शंभर पहिल्यांदा जातात. हे लेखक आपल्यातले आहेत म्हणतोस, मग आपणच विकत घेतलं पाहिजे.

पन्हाळा_वाट

पटतंय. पण आमच्या ग्रुपातल्या निम्म्यांना तीनशे रुपयांचं पुस्तक परवडत नाही हेही खरं आहे. आणि 'झोंबी' मला जेव्हा पाहिजे होतं तेव्हा चार दुकानांत नव्हतं. मिळतच नाही आणि परवडतही नाही, मग पोरांनी वाचायचं कसं?

जुनी_पानं

हा प्रश्न बरोबर आहे, त्याला उत्तर दिलंच पाहिजे.

पहिलं, सहा जणांनी मिळून एक प्रत घ्या. पन्नास-पन्नास रुपये. पहिल्या पानावर सहा नावं लिहा आणि वाचून झालं की तारीख. आमच्याकडं अशा दोन-तीन टोळ्या येतात, त्यांची पुस्तकं बघण्यासारखी होतात. दुसरं, तालुक्याच्या वाचनालयात लेखी मागणी नोंदवा. वाचनालयांना खरेदीसाठी अनुदान असतं आणि मागणीची वही खरोखर बघितली जाते. तिसरं, जे कायद्यानं मोकळं आहे ते बिनधास्त वाटा. आपल्याकडं लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी लेखनाचा हक्क संपतो, वर्षअखेर धरून. सिनेमा आणि ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं सगळं मोकळं. गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, म्हणजे ताईंनी वर सांगितलेलं 'माझा संगीत व्यासंग' २०१६ पासून मोकळं. ते स्कॅन करून कुणालाही द्या. खांडेकर १९७६ चे, त्यांना अजून अवकाश आहे. यादव, शंकर पाटील, रणजित देसाई यांची पुस्तकं विकत घ्या, उसनी घ्या, वाचनालयातून आणा.

पन्हाळा_वाट

सहा नावांची आयडिया जमली. 'रिंगाण' उद्याच घेतो.

बंगळुरात_कोल्हापूर

लांब राहणाऱ्यांचं सांगते. इथं आल्यावर मराठी वाचन तुटायला लागलं होतं. आई तिकडं मंगळवार पेठेत एकटी, तिला मोतीबिंदूनंतर बारीक अक्षर वाचवत नाही. रात्री जेवणं झाली की मी फोन लावते आणि शंकर पाटलांची एक गोष्ट मोठ्यानं वाचते. एक गोष्ट एका बैठकीत होते. पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करायचे, आईनं ते प्रत्यक्ष ऐकलंय. मी संवाद सपाट वाचला की ती थांबवते आणि पाटील ते कसं म्हणायचे ते म्हणून दाखवते. पट्टणकोडोलीच्या माणसाचा हेल तिच्या तोंडून जसाच्या तसा येतो. मी आता ते रेकॉर्ड करून ठेवते.

माझ्या मुलीला सगळं कळत नाही. पण 'धिंड' चालू असताना ती आजीच्या आधी हसली. परवा तिनं विचारलं, आज गोष्ट नाही का?

टेपडेक

रेकॉर्डिंगचा विषय निघाला म्हणून लिहितो. कोल्हापुरातल्या जुन्या घरांमध्ये खासगी मैफलींच्या, कथाकथनाच्या, शाहिरीच्या कॅसेटी पडून आहेत. आमच्या ओळखीत एक घर विकलं गेलं तेव्हा एक ट्रंकभर कॅसेटी भंगारात जाता जाता राहिल्या. कृपा करून टाकू नका. आणि घाईनं लावूही नका.

वर्षानुवर्षं पडलेली टेप गुंडाळीत एकमेकीला चिकटते. आधी पूर्ण पुढं, मग पूर्ण मागं फिरवून घ्या. पांढरी बुरशी दिसली तर अजिबात लावू नका, मशीन आणि बाकीच्या कॅसेटीही खराब होतात. डेकचं हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, कापसाच्या काडीनं पुसा. कॅसेटीच्या पाठीमागचे दोन चौकोनी तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. हेडफोनच्या भोकातून आवाज घेऊ नका, मागच्या लाइन-आउटमधून घ्या. आवाज दबका येत असेल तर हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी किंचित फिरवून बघा, एका जागी तंबोरे एकदम स्वच्छ होतात, तिथं थांबा. फाइल वेव्हमध्ये ठेवा, एमपीथ्रीत नको. खरखर घालवायची असेल तर दुसऱ्या प्रतीवर, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीलाच आपल्या आवाजात बोलून ठेवा: कोण गातंय, साथीला कोण, कुणाच्या घरी, साधारण कधी. कव्हरवरची शाई उडते, कव्हरं बदलतात. बोललेलं राहतं. आणि खासगी मैफलीचं काही पुढं द्यायचं असेल तर त्या कलाकाराला किंवा त्यांच्या घरच्यांना विचारूनच.

तंबोरा_जुळवून

टेपडेक, तुम्ही फार मोलाचं लिहिलंत. १९८० च्या आसपासच्या काही बैठकी माझ्याकडं आहेत. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवतो.

खरी_कॉर्नर

जपण्यावरून आठवलं. प्रभातच्या काळचे जुने सिनेमे नायट्रेट फिल्मवर होते, ती फिल्म पेट घेते. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म अर्काइव्हच्या साठ्याला आग लागली आणि मूळ नायट्रेट प्रती जळाल्या. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह पेटताना तर सगळ्या गावानं पाहिलं. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर ते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभी राहिलेली माणसं रडत होती, त्यात आयुष्यात नाटक न बघितलेलेही होते. नाट्यगृह परत उभं राहील. पण तोवर घरच्या ट्रंकेतलं, कपाटातलं जे आपल्या हातात आहे ते तरी आपण सांभाळूया.

सातवी_गल्ली

खरं आहे. त्या रात्री मीही तिथं होते.

हातमाग_नगरी, तुमचं काय झालं? ऐकलंत का?

हातमाग_नगरी

ऐकलं, ताई. काका, तुम्ही सांगितलं तसं आठवडाभर भैरवीच ऐकली. चौथ्या-पाचव्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. बाई श्वास कुठं घेतात ते कळतच नाही. मी ते शोधायला म्हणून परत परत लावत राहिले.

मग मन्सूरांचा बिहागडा. बोटांवर सोळा मोजले. पहिल्यांदा सारखं चुकत होतं. मग तबल्याकडं लक्ष दिलं, मधल्या 'धा' नसलेल्या भागावरून कळायला लागलं की आता चार-पाच मात्रांनी सम येणार. आणि एकदा मुखडा उचलायच्या आधीच मला कळलं की आता येतोय. आला! मी एकटीच होते घरात, मोठ्यानं "हां!" म्हणाले. नवरा काय झालं म्हणून बाहेरून आला. त्यालाही बसवलं. आता एक प्रश्न आहे. मध्येच गाणं एकदम वरच्या पट्टीत जातं आणि शब्दही बदलतात, ते काय?

तंबोरा_जुळवून

शाब्बास. तो 'धा' नसलेला भाग म्हणजे खाली, नवव्या मात्रेपासूनचा. पण तेराव्या मात्रेपर्यंत डग्ग्याचा घुमणारा आवाज परत येत नाही, म्हणून तुला शेवटच्या चार-पाच मात्रा बरोबर सापडल्या. हे मी तुला सांगितलं नव्हतं, तुझं तूच शोधलंस.

वर जातं तो अंतरा. बंदिशीचा पहिला भाग स्थायी, तो बहुतेक मंद्र आणि मध्य सप्तकात फिरतो. दुसरा अंतरा, तो तार षड्जाकडं, म्हणजे वरच्या 'सा'कडं चढतो आणि तिथं ठरतो. पुष्कळ गायक विलंबितात अंतरा उरकतात किंवा गाळतातही. जयपूरमध्ये तो नीट मांडायची शिस्त आहे, म्हणून तुझ्या लक्षात आलं. आता असं कर, तोच बिहागडा परत लाव आणि अंतऱ्यावरून स्थायीवर ते कसे उतरतात तेवढंच बघ. मग मोगूबाई ऐक, त्यांच्यानंतर त्यांची मुलगी किशोरीताई आमोणकर. आई आणि मुलीत काय सारखं राहिलं आणि काय बदललं ते मला येऊन सांग. यजमानांनाही विचार, त्यांना काय ऐकू आलं.